कॉक्लियर इम्प्लांट झालेल्या मुलांच्या माता : ऑपरेशननंतरची वर्षे

जन्मतः बहिऱ्या असलेल्या बालकावर शस्त्रक्रिया होते, दोन-चार आठवड्यांनी कानामागचे यंत्र सुरू केले जाते आणि ते बालक प्रथमच आवाजाकडे मान वळवते. या क्षणाची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. छायाचित्रात डॉक्टर असतात, कधी पालकमंत्रीही असतात, आणि मूल मांडीवर घेऊन बसलेली, डोळे पुसणारी आई असते. बातमी तेथे संपते. त्या आईचे काम मात्र तेथून सुरू होते आणि पुढील कित्येक वर्षे चालते. प्रस्तुत लेख त्या वर्षांविषयी आहे. गोंदिया जिल्ह्यातील आपल्या कुटुंबांपुढे हा प्रश्न कोणत्या रूपात येतो, विशेषतः बहिरेपणाबरोबर मुलाला दुसरेही अपंगत्व असेल तेव्हा आईच्या प्रकृतीचे व मनाचे काय होते, याची माहिती येथे एकत्र करण्याचा आम्ही प्रयत्न केला आहे.

प्रथम यंत्राविषयी थोडेसे. श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानात सोडते. कॉक्लियर इम्प्लांट तसे नव्हे. आपल्या आंतरकर्णात गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो, त्यातील सूक्ष्म केसपेशी ध्वनिलहरींचे विद्युतसंदेशात रूपांतर करून ते श्रवणतंतूकडे देतात. या पेशीच निकामी असल्या, तर आवाज कितीही मोठा केला तरी उपयोग होत नाही. म्हणून शस्त्रक्रियेने त्या शंखात बारीक विद्युताग्रांची एक तार बसवतात. कानामागील प्रोसेसर बाहेरचा आवाज टिपतो, चुंबकाने डोक्याला चिकटणाऱ्या चकतीतून तो आत पाठवतो आणि तार श्रवणतंतूला थेट उत्तेजित करते. निरोगी कानात सुमारे 3,500 आतील केसपेशी जे काम करतात, ते येथे बारा ते बावीस विद्युताग्रांनी करावयाचे असते. साहजिकच मुलाला ऐकू येते ते आपल्याला येते तसे नाही. तो एक नवा, अपुरा, परका आवाज असतो. त्याचा अर्थ मेंदूला शिकवावा लागतो.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरिएस यांनी 1957 मध्ये श्रवणतंतूला विजेने उत्तेजित करण्याचा पहिला प्रयोग केला. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ग्रॅमी क्लार्क यांनी 1978 मध्ये अनेक विद्युताग्रांचे यंत्र बसवले. या क्लार्क यांचे वडील स्वतः ऐकू कमी येणारे औषधविक्रेते होते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचे या शस्त्रक्रियेतील कार्य सर्वश्रुत असून 2014 मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली.

पैशाचा प्रश्न पूर्वीइतका दुस्तर राहिलेला नाही. केंद्र शासनाच्या एडिप योजनेत 2014 च्या सुधारणेने प्रत्येक इम्प्लांटसाठी सहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळण्याची तरतूद झाली, आणि तिच्या अंमलबजावणीत मुंबईच्या वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेचा मोठा वाटा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ तर फेब्रुवारी 2013 मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. अंगणवाडीत व शाळेत येणाऱ्या वैद्यकीय पथकाने तपासावयाच्या विकारांत जन्मजात बहिरेपण आहे. मात्र वयाची अट कठोर आहे : जन्मतः बहिऱ्या बालकाची शस्त्रक्रिया साधारण पाच वर्षांच्या आत व्हावी लागते. या अटीमागे शास्त्र आहे. अमेरिकेत संशोधन करणाऱ्या अनु शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, साडेतीन वर्षांच्या आत यंत्र बसले तर मेंदूचा श्रवणभाग बहुधा वयानुरूप वाढतो, सात वर्षांनंतर ती संधी बरीचशी गेलेली असते. म्हणून "बापही उशिराच बोलला होता, हाही बोलेल" असे म्हणत घरातील वडीलधाऱ्यांनी दोन वर्षे घालवली, तर त्याची किंमत मूल देते. आणि पुढे ती आई देते, कारण उशीर का केला हा प्रश्न शेवटी तिलाच विचारला जातो.

गोंदियातून नागपूर

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला आपला जिल्हा आठ तालुक्यांचा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 13 लाख 22 हजार. 2016 पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही शस्त्रक्रियेसाठी आणि यंत्राच्या मॅपिंगसाठी कुटुंबाला बहुधा नागपूरचीच वाट धरावी लागते, म्हणजे गोंदियापासून रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर.

मॅपिंग म्हणजे प्रत्येक विद्युताग्राला किती वीज द्यावयाची हे मुलाच्या प्रतिसादावरून ठरवणे. चष्म्याचा नंबर काढण्यासारखेच हे आहे, फरक इतकाच की दोन वर्षांचे मूल "आता बरे दिसते" असे सांगू शकत नाही. पहिल्या वर्षी हे वारंवार करावे लागते, पुढे सहा महिन्यांनी वा वर्षाने. याशिवाय आठवड्यातून एक-दोनदा वाचा-श्रवण उपचार, म्हणजे स्पीच थेरपी. सालेकसा किंवा अर्जुनीहून निघणाऱ्या आईला निदान रेल्वे तरी आहे. देवरी मुंबई-कोलकाता महामार्गावर असले तरी तेथे रेल्वे नाही. पहाटे निघून रात्री परतणे, सोबत पाठचे तान्हे, डब्यात भाकरी, आणि उपचारकक्षात प्रत्यक्ष मिळणारा वेळ पाऊण तास, असा तो दिवस असतो.

त्यात भाताच्या शेतीचे वेळापत्रक. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते. त्या दिवसांत बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बाईची मजुरी हा घराचा मोठा आधार. उपचारासाठी एक दिवस गेला की तो रोज बुडतो. म्हणून पावसाळ्यात थेरपीची अनुपस्थिती वाढली, तर तिला "पालकांची उदासीनता" म्हणून नोंदवणे अन्यायाचे आहे. पावसाळा यंत्रालाही मानवत नाही. घाम व दमट हवा यांमुळे मायक्रोफोन बिघडतो. रात्री यंत्र सिलिकाच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे लागते, सकाळी बॅटरी तपासावी लागते, वायर तुटली आहे का ते पाहावे लागते. वीज गेली तर चार्ज होणारी बॅटरी रिकामी राहते आणि मूल तो दिवस निःशब्दात काढते. हमीची मुदत संपल्यावर वायर, चकती, बॅटरी यांचा खर्च घरावर येतो आणि प्रोसेसर बदलायचा झाला तर तो लाखांच्या घरात जातो. यंत्र ट्रंकेत पडून राहते ते अशा वेळी. गावात मग बोलले जाते की, सरकारने एवढे दिले, आईला सांभाळता आले नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांला येथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते, ती भाषेची. आपल्या घरांतून झाडीबोली बोलली जाते, कोठे पवारी, कोठे गोंडी, पूर्वेकडे छत्तीसगढी, बाजारात हिंदी. उपचारकक्षात मात्र पुस्तकी मराठी किंवा हिंदी. आईला असे वाटू लागते की, आपले बोलणे अशुद्ध आहे आणि त्याने मुलाचे नुकसान होईल. ती गप्प होते, किंवा दिवसातून अर्धा तास शिकवल्यासारखी परक्या भाषेत बोलते. हे उलटे आहे. मुलाला भाषा मिळते ती दिवसभराच्या सहज बोलण्यातून : चूल पेटवताना, कोंबडीला दाणे टाकताना, अंघोळ घालताना. असे अखंड, मायेचे, चढउताराचे बोलणे आईला स्वतःच्या बोलीतच जमते. झाडीबोलीत ती "पानी" म्हणते, तर मुलाने "पानी" म्हणावे. ण शाळेत येईल.

दुसरे अपंगत्व

ज्या कारणांनी बहिरेपण येते, त्यांतील काही कारणे तेवढ्यावर थांबत नाहीत. मूल फार अपुऱ्या दिवसांचे असणे, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, गर्भारपणात आईला झालेला रुबेला किंवा सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग, यांमुळे कानाबरोबर मेंदू, डोळे, हृदय यांनाही इजा होऊ शकते. (रुबेलाविरुद्ध महाराष्ट्रात 27 नोव्हेंबर 2018 पासून नऊ महिने ते पंधरा वर्षे वयोगटासाठी मोठी लसीकरण मोहीम झाली. लस चुकवू नये, एवढेच येथे सांगतो.) अमेरिकेतील पाहण्यांत बहिऱ्या मुलांपैकी सुमारे 30 ते 40 टक्के मुलांना आणखी एखादी अक्षमता असल्याचे आढळते.

सेरेब्रल पाल्सी असेल तर ती लवकर ध्यानात येते, कारण मूल मान धरत नाही, बसत नाही. स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता मात्र बहिरेपणाच्या आड लपतात. हाकेला ओ देत नाही, नजर देत नाही, खेळत नाही : ऐकू येत नाही म्हणून असेल, असे सर्वजण धरून चालतात. मग यंत्र बसते, सहा महिने जातात, वर्ष जाते, शेजारच्या गावातील त्याच वेळी ऑपरेशन झालेला मुलगा "आई" म्हणू लागतो, आणि हे मूल यंत्र काढून फेकते. आई रोज आठ-दहा वेळा ते पुन्हा लावते. थेरपीत तिला सांगितले जाते की घरी सराव कमी पडतो आहे. आणखी वर्षाने कोणीतरी दुसरे निदान सांगते. शोक एकदा करून झालेला असतो, तो पुन्हा करावा लागतो, आणि या वेळी आशा उंच गेल्यानंतर. आमच्या मते अशा मातांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण काळ हा आहे, आणि नेमक्या याच काळात भेटीला येणाऱ्यांची संख्या घटलेली असते.

अशा मुलांना इम्प्लांटचा उपयोग होत नाही, असे मात्र नाही. तो संथ असतो आणि वेगळा असतो. मूल वाक्ये बोलणार नाही कदाचित, पण स्वतःचे नाव ओळखेल, दार वाजल्याचे, गाडी आल्याचे समजेल, आईच्या आवाजाने शांत होईल. शस्त्रक्रियेपूर्वीच हे प्रामाणिकपणे सांगितले गेले, तर आईला पुढे पराभूत वाटत नाही. तसेच "खुणा केल्यास मूल बोलणार नाही" या उपदेशाने अशा घरांचे नुकसान होते. भूक, शौच, वेदना, हट्ट हे सांगण्याचा एखादा मार्ग मुलाजवळ असलाच पाहिजे. तो खुणांचा असो, चित्रांच्या पत्त्यांचा असो किंवा वस्तू हातात आणून देण्याचा. दिल्लीत 2015 मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आहे. मुंबईत बेरोज वाच्छा यांनी 1977 मध्ये सुरू केलेल्या हेलन केलर संस्थेने बहिरे व अंध अशा दोन्ही अक्षमता असलेल्या मुलांचे शिक्षण आपल्या देशात प्रथम उभे केले. स्पर्शाने शिकवता येते हे तेथे सिद्ध झाले आहे.

आईच्या मनाविषयी

परदेशांतील संशोधनात एक निष्कर्ष वारंवार दिसतो आणि तो थोडा अनपेक्षित आहे. बहिरेपण किती तीव्र आहे, यावरून आईच्या मनावरील ताण ठरत नाही. 2002 मध्ये अमेरिकेत पिप-सिगल, सेडी आणि योशिनागा-इटानो यांनी 184 मातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ताणाशी निगडित आढळल्या त्या बाबी अशा : रोजच्या बारीकसारीक कटकटींचा काच, आधार देणारी माणसे कमी असणे, अपुरे उत्पन्न, मुलाची भाषा मागे राहणे आणि बहिरेपणासोबतची दुसरी अक्षमता. 2010 मध्ये अलेक्झांड्रा क्विटनर व सहकाऱ्यांनी दाखवले की, भाषा मागे पडली की मुलाचे वर्तन बिघडते आणि त्या वर्तनातून पालकांचा ताण वाढतो. सांगता न आल्याने चावणारे, डोके आपटणारे मूल ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही.

या निष्कर्षांत आपल्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. बहिरेपण आपण बदलू शकत नाही, पण कटकटी कमी करणे आणि माणसे वाढवणे हे घराच्या आणि गावाच्या हातात आहे.

झोप न लागणे, किंवा लागली तरी थकवा न जाणे, सतत डोके वा पाठ दुखणे, कारणाशिवाय रडू येणे, मुलाला मारून नंतर स्वतःला मारून घेणे, "आम्ही दोघेही नसतो तर बरे" असे बोलणे, ही लक्षणे आठवडोनआठवडे टिकली तर तो आजार समजावा, स्वभाव समजू नये. त्यावर उपचार आहेत. केंद्र शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू असून तिचा क्रमांक 14416 आहे. तेथे मराठीतही बोलता येते. शेवटचे लक्षण दिसले तर वाट पाहू नये.

दोषाच्या भावनेविषयी वेगळे लिहावे लागेल. ग्रहणात भाजी चिरली, गर्भारपणी काही खाल्ले, माहेरचा दोष, अशी कारणे बाईच्या माथी मारली जातात. जन्मजात बहिरेपणाचा मोठा भाग आनुवंशिक असतो आणि बहुतेक वेळा तो दोष आई व वडील या दोघांकडून थोडा थोडा येतो, ऐकू येणाऱ्या दोघांकडून. नात्यातील विवाहांत त्याची शक्यता वाढते. एकट्या आईचे त्यात काही नसते. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाविषयी शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, आणि प्रभू येशू दोन्ही पर्याय नाकारतो. आम्ही धर्मगुरूंनी हा उतारा वेदीवरून कितीतरी वेळा वाचला आहे. तरीही घरभेटीत अशा आईसमोर बसल्यावर "देवाने तुमची परीक्षा पाहिली" किंवा "देव खास मुले खास आईलाच देतो" अशी वाक्ये आमच्याही तोंडून निघाली आहेत. ऐकणारी मान हलवते. नंतर ती चहा करायला आत जाते आणि थोडा वेळ बाहेर येत नाही. ती वाक्ये आम्ही सोडून दिली पाहिजेत.

हक्काच्या गोष्टी

2016 चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात 21 प्रकारच्या दिव्यांगता मान्य केल्या असून एकाहून अधिक अक्षमता हा स्वतंत्र प्रकार आहे. येथे मातांनी एक चूक टाळावी. बहुतेकींकडे मुलाचे प्रमाणपत्र केवळ श्रवणदोषाचे असते, कारण ऑपरेशनसाठी तेच काढले होते. दुसरे निदान झाल्यावर पुन्हा तपासणी करून ते यूडीआयडी कार्डावर नोंदवून घ्यावे. त्यावर बरेच काही अवलंबून आहे. उदाहरणार्थ, नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना, जिच्यात एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण असून थेरपीच्या खर्चाचाही समावेश आहे, ती केवळ बहिरेपणासाठी नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. कार्डावर दुसरी नोंद नसेल तर तिचा लाभ मिळत नाही.

याच कायद्याच्या चोविसाव्या कलमात, ज्यांना फार मोठ्या आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी सांभाळणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेख आहे. शासनाने आपल्या आर्थिक मर्यादेत अशा योजना कराव्यात, असे कायदा म्हणतो. आईच्या श्रमाला कायद्याच्या भाषेत प्रथमच किंमत दिली गेली ती येथे, म्हणून ग्रामसभेत व लोकप्रतिनिधींपुढे या कलमाचे नाव घेऊन बोलावे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात चौकशी करावी. एसटीने जाणाऱ्या मातांना 17 मार्च 2023 पासून स्त्रियांसाठीची निम्म्या भाड्याची सवलत आहेच.

धर्मग्रामात

गोंदिया जिल्हा ज्या नागपूर महाधर्मप्रांतात येतो, त्याचे कॅथेड्रल संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने आहे. हेच संत बहिऱ्यांचे आश्रयदाते मानले जातात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. सन 1605 च्या सुमारास त्यांना मार्टिन नावाचा मुका-बहिरा तरुण भेटला. महागुरुस्वामींनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले, खुणांच्या भाषेने धर्मशिक्षण दिले आणि ख्रिस्तप्रसादही दिला. भारतातील बहिऱ्यांची पहिली शाळाही 1880 च्या दशकात मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांनी उघडली. असे असताना एखाद्या आईला "तुमचे मूल बोलत नाही, प्रथम ख्रिस्तप्रसादाचे पुढे पाहू" असे उत्तर मिळत असेल, तर आपण मागे गेलो आहोत. मार्टिनही बोलत नव्हता.

मिस्सेच्या वेळी अशा मुलाला पुढच्या बाकावर, यंत्र असलेला कान वेदीकडे येईल असे बसू द्यावे. लाउडस्पीकर व पंख्याजवळ बसवू नये. गोंगाटात इम्प्लांटला शब्द निवडता येत नाहीत, आणि दिवाळीनंतरच्या मंडईत किंवा लग्नाच्या बँडपुढे मूल यंत्र ओरबाडून काढते ते याचमुळे. मूल मध्येच ओरडले तर वळून पाहू नये. बऱ्याच माता मिस्सेला येणे बंद करतात, त्याचे कारण श्रद्धा कमी झाली हे नसते, ते वळून पाहणे असते.

मुख्य गरज वेळेची आहे. या आईला आठवड्यातून दोन तास असे हवेत, की मूल दुसऱ्याच्या हाती सुरक्षित आहे आणि तिला झोपता येईल, बाजारात जाता येईल, काहीच न करता बसता येईल. त्यासाठी धर्मग्रामातील दोघी-तिघींनी यंत्र लावणे, बॅटरी बदलणे, चकती निसटली तर परत चिकटवणे आणि मुलाच्या पाच-सहा खुणा शिकून घ्याव्यात. एका दुपारचे काम आहे, आणि शिकवणारी आईच असते. वडिलांनीही ते शिकावे. नागपूरच्या फेऱ्यांपैकी एक फेरी वडिलांनी केली, तर उपचारतज्ज्ञ काय सांगतात ते त्यांना स्वतःच्या कानांनी कळते, आणि "तू नीट करत नाहीस" हे वाक्य घरात कमी ऐकू येते. रोवणीच्या दिवसांत ही फेरी कोणी करायची, हे जूनमध्येच ठरवून ठेवावे.